कड्यावरचा खेळ: गोल्फ असो नाहीतर रबरी बॉल, आपापला अनुभव सांगा

पोवईनाका
मंडळी, मी गोल्फवाला नाही हे आधीच सांगतो. बँकेतनं रिटायर होईपर्यंत हातात काठी धरली ती गल्लीतली कुत्री हाकलायलाच. पण जूनमध्ये लेकीकडं सॅन डिएगोला होतो आणि जावई ह्या खेळाचा येडा, त्यानं आठवडाभर प्रॅक्टिसला नेऊन बादल्याच्या बादल्या बॉल मारायला लावले आणि मग एका सकाळी टोरी पाइन्सला घेऊन गेला. समुद्राच्या कड्यावर आहे कोर्स, खाली सरळ पॅसिफिक. मला वाटलेलं बड्या लोकांचा क्लब असणार, तर नाही, चक्क शहराच्या महापालिकेचं आहे, १९५७ पासून, आपल्याकडं नगरपालिकेची बाग असते तसं. गावातल्याला कमी दर, पाहुण्याला दणका. माझा आकडा ऐकून मी म्हणलं मी गाडीतच बसतो, तुम्ही या खेळून, पण त्यानं आधीच पैसे भरलेले.

सकाळी धुकं इतकं की पहिले दोन होल (एक होल म्हणजे बॉल मारायला सुरू करायच्या जागेपासून भोकात पडेपर्यंतचा टप्पा, एका कोर्सला असे अठरा) मला समुद्र फक्त ऐकू आला. तिसऱ्याला धुकं उठलं आणि एकदम समोर सगळं निळं. हा होल छोटा, वरनं खाली मारायचा, भोक असलेल्या हिरवळीच्या मागं कडा आणि डावीकडं घळ. मी वाकून टीवर, म्हणजे त्या छोट्या खुंटीवर, बॉल ठेवला, हात काढला की पडला. परत ठेवला, परत पडला. वाराच तेवढा. तिसऱ्यांदा ठेवून गुडघ्यावर बसूनच राहिलो, जावई मागनं म्हणतोय पप्पा घाई करा मागं लोक थांबलेत. मारला. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर मधोमध लागला, वर गेला, गेला, आणि मग तिथंच लटकला आणि सरळ खाली, निम्म्या वाटेत. समुद्रावरनं येणारा वारा त्याला पुढं सोडंनाच.

मग मला आठवलं हे मी कुठं बघितलंय. सडावाघापूर, आपल्या पाटणजवळचं पठार. पावसाळ्यात तिथं धबधब्याचं पाणी वाऱ्यानं उलटं वर येतं बघा, तसंच. म्हणून म्हणलं धागा काढावा, आपल्याकडच्या लोकांना कडा आणि वारा काही नवा नाही. गोल्फच पाहिजे असं नाही, कड्यावर जे काय खेळला असाल ते सांगा.

सडावाला
काका, आमच्यासारख्या पाटण तालुक्यातल्यांना हे रोजचंच हो. सड्यावर क्रिकेट खेळून मोठं झालोय आम्ही. वर सपाट जांभा, गवत फक्त पावसाळ्यात, पिच म्हणजे कातळ, बॉल टप्पा पडला की कुठं उडंल देवाला ठाऊक. आमचा नियम असा की कड्याखाली गेला तर बॅट्समन आऊट, शिवाय मारणाऱ्यानं बॉलचे पैसे द्यायचे. त्यामुळं आमच्यात पुलचा शॉट कुणाला येतच नाही, सगळे खालनं ढकलणारे. एकदा गुराखी पोरगं खालच्या वाडीतनं आमचे सात बॉल गोळा करून वर घेऊन आलं आणि आम्हालाच विकले. आणि वाऱ्याचं म्हणाल तर पवनचक्क्या काय उगाच उभ्या केल्यात व्हय वरती.

पोवईनाका
अरे गोल्फमध्ये पण तसाच नियम आहे! पाणी, घळ असल्या अडचणीच्या जागेभोवती लाल खुंट्या असतात, त्यांच्या आत गेला तर एक फटका दंड. आणि हरवलेला बॉल तीनच मिनिटं शोधायचा, आधी पाच होती, २०१९ ला कमी केली. पण गुराखी नाही तिथं. माझे अकरा गेले.

सुभेदार रि.
जय हिंद. नोकरीत असताना साहेब लोकांच्या मागं बॅग उचलून फिरलोय, त्यामुळं खेळ माहीत आहे, खेळलो कमी. काश्मीरला असताना गुलमर्गचं कोर्स बघितलं, अडीच हजार मीटरच्या वर आहे. तिथं हवा पातळ, बॉल नेहमीपेक्षा लांब जातो, नवीन आलेला साहेब हमखास हिरवळीच्या पलीकडं झाडीत टाकायचा आणि मग बॅगवाल्यावर डोळे काढायचा. समुद्रावर गार, जड हवा आणि समोरनं वारा, तिथं उलटं. पोवईनाकासाहेब, तुम्ही एका नंबरनं मोठी, लांब मारणारी काठी घ्यायला पाहिजे होती. बॉल कुठं पडला ते डोळ्यानं दिसत नाही हो, कानानं कळतं. मातीत पडला तर ठप्प, दगडावर टक्क, आणि आवाजच नाही आला तर नवीन बॉल काढायचा.

पोवईनाका
सुभेदारसाहेब, तुमच्यासाठी एक. टोरी पाइन्सच्या त्या पठारावर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचं ट्रेनिंग सेंटर होतं, कॅम्प कॅलन. शेजारीच पॅराग्लायडिंगवाल्यांचा तळ आहे, डोक्यावरनं सारखे जात होते, पाचगणीला आल्यागत वाटलं. अठराव्या होलला जावयानं मला मुद्दाम उभं केलं, म्हणे इथंच टायगर वूड्सनं २००८ च्या यू. एस. ओपनला चौथ्या दिवशी शेवटचा पट (हिरवळीवरनं भोकात ढकलायचा फटका) घालून बरोबरी केली, पायाच्या हाडाला चिरा असताना, आणि दुसऱ्या दिवशी रोको मीडिएटला हरवलं, एकूण ९१ होल चालला तो गडी त्या पायावर. माझे गुडघे १८ लाच बोलायला लागलेले.

सांगलीची_लेक
मी सध्या कॉर्कला, आयर्लंडमध्ये. इथं जवळच ओल्ड हेड आहे, समुद्रात घुसलेला जमिनीचा सुळका, गाडीरस्त्याएवढी अरुंद मान आणि पुढं सगळं गोल्फ कोर्स, टोकाला दीपगृह, १९९७ ला सुरू झालं. नवऱ्याला ऑफिसच्या लोकांनी नेलं, मी बरोबर चालायला. खरं सांगू का, मला त्या जागेचा राग आला थोडा. इतकी सुंदर जागा आणि गेटवर अडवतात. टोरी पाइन्स महापालिकेचं आहे हे वाचून बरं वाटलं. ह्याच टोकासमोर १९१५ ला लुसिटानिया बोट बुडाली, अकराशेच्या वर माणसं गेली, तिकडं बघत लोक सँडविच खातात. नवऱ्याचं म्हणाल तर बॉल नाही, त्याची टोपी गेली कड्यावरनं. दोन वेळा वर आली वाऱ्यानं, आम्ही धावलो, तिसऱ्यांदा नाही आली.

बेदाणा_तासगाव
टोपी दोनदा वर आली हे वाचून हसून पडलो. ताई, मी गोल्फ खेळलो नाही आणि खेळणारही नाही, पण वाऱ्याचं थोडं कळतं कारण आमचं बेदाण्याचं शेड वाऱ्यावरच चालतं, पडला की माल काळा. पोवईनाका काका, एकच प्रश्न, एवढ्या हिरवळीला पाणी कुठनं देतात? आमच्याकडं टँकरनं बागा जगवल्यात लोकांनी.

पोवईनाका
मी पण हेच विचारलं! शहराचं सांडपाणी शुद्ध करून तेच फिरवतात म्हणाला जावई. आणि कोर्सला ज्याचं नाव आहे त्या टोरी पाइन झाडाचं म्हणाल तर त्या जातीची झाडं निसर्गात तिथं आणि लांब उत्तरेकडच्या एका बेटावर एवढीच, म्हणून बॉल झाडात गेला की झाडाला हात लावायचा नाही, बॉलला राम राम.

असो, दिवाळीनंतर गावाकडं येणार आहे, सडावाला, तुमच्या सड्यावर एक डाव टाकू. जावई पण येतोय, काठ्या घेऊन.

सडावाला
या की काका. पण जावयांना सांगा, पैसे इथंपण आधी भरायचे. प्रत्येक बॉलचे.