हरलेल्या सेनापतींत सगळ्यात मोठा कोण? माझं मत प्रयागजी प्रभू

माचीपेठ:
परवा पोवई नाक्यावर चहा पिताना विषय निघाला, हरलेल्या सेनापतींत सगळ्यात मोठा कोण. एकानं नेपोलियन म्हटलं, एकानं हॅनिबल, आणि शेवटी सगळे सदाशिवरावभाऊंवर येऊन थांबले. मी प्रयागजी प्रभू म्हटलं तर चौघांतल्या दोघांना हा माणूसच माहीत नाही. साताऱ्यात जन्म गेला आपला, रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जातो आणि ज्यानं हा गड लढवला त्याचं नाव माहीत नसावं याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून हा धागा.

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याला आला, छावणी करंज्याला. वर किल्लेदार प्रयागजी. चार महिने उलटले तरी गड हातात येईना म्हणून मोगल सरदार तर्बियतखानानं तटाखाली सुरुंग लावले. एप्रिल १७०० मध्ये पहिला उडाला तेव्हा आपली माणसं गाडली गेली, खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली, त्यांना जिवंत उकरून काढलं. दुसरा उडाला आणि अख्खा बुरूज बाहेरच्या अंगाला कोसळला, खाली चढाईच्या तयारीत उभ्या असलेल्या मोगलांवरच, दोनेक हजार माणूस जागेवर गेलं. तरी गड पडला नाही. पडला तो दाणागोटा संपत आल्यावर, आणि त्याआधी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले होते, म्हणजे ज्याच्यासाठी लढायचं तो राजाच राहिला नव्हता.

माझा हिशोब असा आहे की हरलेला माणूस मेला कसा हे बघायचं नाही, जिंकणाऱ्याला त्यानं किती दिवस अडवलं आणि त्या दिवसांचा आपल्या बाजूला काय उपयोग झाला हे बघायचं. बादशहा इथं तटाखाली बसून होता तेव्हा मराठ्यांची घोडदळं बाकी मुलखात मोकळी फिरत होती. बोला आता.

कृष्णाकाठ सांगली:
दादा, माहिती चांगली दिलीत पण प्रयागजी किल्लेदार होते, सेनापती नव्हेत. गड लढवणं वेगळं आणि मोकळ्या मैदानात पन्नास हजारांची फौज हलवणं वेगळं. आणि बुरूज बाहेर कोसळला हा नशिबाचा भाग, त्यात किल्लेदाराची करामत काय?

मी भाऊसाहेबांच्याच बाजूनं. फेब्रुवारी १७६० ला उदगीरला निजामाला गुडघ्यावर आणलं, ऑगस्टमध्ये दिल्ली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा. एवढ्या लांब, परक्या मुलखात, बरोबर यात्रेकरू आणि बायकापोरं, पैसा नाही, सूरजमल जाट सोडून गेला, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद तुटली. जनावरं मरायला लागली, माणसं उपाशी, आणि तशा फौजेला १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्यांनी रांगेत उभं केलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि बंदुकांनी रोहिल्यांची फळी कापून काढली, दुपारपर्यंत लढाई आपल्या बाजूला होती. उपाशी पोटी एवढं कोण करून दाखवेल?

खटावचा गडी:
दिल्ली सोडून वर कुंजपुऱ्याला गेलेच का पण? तिकडं अब्दाली बागपतला यमुना उतरून आला आणि आपल्या आणि दिल्लीच्या मधी येऊन बसला. रसद तुटली नाही, तोडू दिली. माझा आक्षेप एवढाच आहे, शौर्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही मला. आणि विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरनं उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले, अंबारी रिकामी दिसली म्हणून फौज फुटली असं सांगतात. सेनापती दिसला पाहिजे ओ, तो दिसला नाही की मागचा माणूस कुणाकडं बघणार.

कृष्णाकाठ सांगली:
आणि तुमचे शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर नेसरीला काय करत होते मग? फौज मागं ठेवून सहा जणांना घेऊन आदिलशाही सरदार बहलोलखानावर गेले, २४ फेब्रुवारी १६७४. ते पण दिसले नाहीत फौजेला. भोसरे तुमच्या खटाव तालुक्यातलं म्हणून त्यांना वेगळा न्याय का?

खटावचा गडी:
वेगळा न्याय नाही मागत, गावचा अभिमान आहे तरीबी सांगतो, नेसरी ही सेनापतीची चाल नव्हती. महाराजांचं पत्र काळजाला लागलं आणि माणूस गेला. डोळ्यात पाणी येतं आमच्या, पण मोठा सेनापती कोण या यादीत नेसरीमुळं त्यांचं नाव घालणार नाही. घालायचंच तर उमराणीमुळं घाला.

जतकर:
उमराणीचं नाव निघालं म्हणून लिहितो, आमच्या तालुक्यात आहे. एप्रिल १६७३. बाहेरचे लोक एप्रिलात इकडं कधी आले नसतील तर त्यांना ही लढाई कळणारच नाही. ऊन काय असतं आणि पाणी म्हणजे काय असतं हे आमच्या म्हाताऱ्यांना विचारा. प्रतापरावांनी आधी पाणवठा धरला, बस्स. बहलोलच्या फौजेची माणसं, घोडी, हत्ती तहानेनं कासावीस झाली, मग वरून मार दिला. एवढी डोक्यानं खेळलेली लढाई कमी सापडंल. चूक नंतर झाली, खान गयावया करायला लागला आणि यांनी सोडला. "सला काय निमित्य केला?" म्हणजे तह कशासाठी केला, असं महाराजांनी विचारल्याचं सभासदानं बखरीत लिहिलंय. तोच खान परत आला आणि नेसरी घडली. म्हणजे हा माणूस हरला तो नेसरीच्या खिंडीत नाही, उमराणीच्या पाण्यावर दया दाखवली तिथंच हरला, असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

विटेकर:
कार्थेजचा हॅनिबल राहिला बाजूला. इ.स.पू. २१६ ला कॅनेला एका दिवसात रोमनांची पन्नासेक हजार माणसं कापली, पंधरा वर्षं शत्रूच्या घरात राहिला, घरून मदत जवळजवळ नाही. इ.स.पू. २०२ ला झामाला हरला कारण नुमिडियाचं घोडदळ तोवर मसिनिसाबरोबर रोमकडं गेलं होतं. जगात याच्या तोडीचा हरलेला सेनापती नाही.

माचीपेठ:
हॅनिबल मान्य, पण मला आपल्या मातीतलं बोलायचंय.

मिरजेची लेक:
दादा तुमचा हिशोबच मला पटला नाही. किती दिवस अडवलं एवढंच मोजलं तर पेशव्यांचे सेनापती बापू गोखले कुठं बसतात तुमच्या यादीत? नोव्हेंबर १८१७ ला खडकी, पेशवे दुसरे बाजीराव पर्वतीवर बसून बघतायत आणि बापू खाली लढतायत, दलदलीत घोडी अडकली नसती तर चित्र वेगळं असतं. मग पळापळ, गावोगाव, मागं इंग्रज. फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला जनरल स्मिथनं गाठलं. बाजीराव निघून गेले. बापूंना पण जाता आलं असतं की, कोण विचारणार होतं? थोडेसे स्वार घेऊन इंग्रजी घोडदळावर उलटे फिरले, स्मिथला जखम केली आणि तिथंच पडले. ज्याचा मालक पळतोय आणि जो तरी वळून उभा राहतो त्याच्याहून मोठा कोण?

माचीपेठ:
ताई, बापूंपुढं मी पण हात जोडतो. पण आष्टीला काय वाचलं सांगा. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज पेशव्यांबरोबर होते, ते इंग्रजांच्या हातात गेले त्याच दिवशी. धडक मोठी होती, तिच्यातून हाती काय आलं?

मिरजेची लेक:
पेशवा वाचला ना. तुमच्याच मापानं मोजा, त्या धडकेमुळं बाजीराव निसटले आणि जूनपर्यंत इंग्रज अधिकारी माल्कमच्या हाती लागले नाहीत. चार महिने! प्रयागजींनी पण साधारण तेवढेच दिले. त्या चार महिन्यांचं बाजीरावांनी काही केलं नाही याचा दोष बापूंच्या माथी मारू नका. प्रयागजींच्या मागं संताजी धनाजींनी तयार केलेली फौज होती, ताराराणी होत्या. बापूंच्या मागं कोण होतं?

माचीपेठ:
हे उत्तर मला सुचलं नव्हतं. अर्धा दिवस विचार करून लिहितोय. माझं माप दिवसांचं होतं आणि त्या मापानं बापू प्रयागजींच्या शेजारी येतात, हे कबूल. तरी पहिलं नाव प्रयागजींचंच ठेवतो, कारण बादशहानं गडाला आझमतारा नाव दिलं आणि पुढं सातच वर्षांत तो अहमदनगरला मेला, आणि त्याच गडावर जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला.

जतकर:
बरोबर, पण ताई म्हणतात ते शेवटचं वाक्य अजून तसंच उभं आहे, बापूंच्या मागं कोण होतं. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

खटावचा गडी:
रविवारी येतोय साताऱ्याला. माचीपेठ दादा, सहाला वर चढू, मंगळाईच्या बाजूचा तट दाखवा मला, तिथंच उभं राहून बोलू. ताई मिरजेहून येणार असतील तर त्यांनीपण यावं, बापूंची बाजू मला समोर ऐकायची आहे.