मदत हवी आहे : बिग बॉय लंगडतंय, तेल घालूनही फरक नाही

रूळबदल :
बिग बॉय (अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक रेल्वेच्या अवाढव्य वाफेच्या इंजिनाचं मॉडेल) बऱ्याच वर्षांनी कपाटातून काढलं. हळू चालवलं की लंगडतं आणि टक-टक आवाज येतो. तेल घालून झालं. रविवारी लांब मालगाडीला जोडायचं आहे, तेव्हा चासी न उघडता होईल असा उपाय असेल तर सांगा.

सांधेवाला :
स्केल कोणतं? पितळी की प्लास्टिकचं? साध्या डीसीवर चालणारं की डिकोडर (डिजिटल नियंत्रणाची चिप) बसवलेलं? टक-टक दोन्ही दिशांना येते की एकाच? एकाच बॉयलरखाली चाकांचे दोन संच, म्हणजे दोन इंजिनं असतात; पुढच्या इंजिनातून की मागच्या? तेल कोणतं आणि नेमकं कुठे घातलं? यातलं काहीच न सांगता ‘लंगडतं’ म्हणणं म्हणजे डॉक्टरला फोनवर ‘दुखतंय’ सांगण्यासारखं.

कोळसेवाला :
वाद कशाला? जुनी मोटर काढा, नवी कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) टाका, सोबत डिकोडर. काम फत्ते.

रूळबदल :
एचओ (१:८७), अर्थातच. प्लास्टिकचं, डीसी. वळणाची त्रिज्या २२ इंच. आवाज दोन्ही दिशांना, मागच्या इंजिनातून. शिवणयंत्राचं तेल, जिथे जिथे फिरताना दिसलं तिथे.

धुरकट :
तेल थांबवा आधी! आतलं मूळ ग्रीस एव्हाना मेणासारखं घट्ट झालं असणार. त्यावर तेल घातलं की वरचा थर पातळ होतो, दातांच्या बुडाशी बसलेला गोळा तसाच राहतो. गिअरबॉक्स उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने सगळं साफ करा, पूर्ण वाळू द्या. मग प्लास्टिकला चालणारं ग्रीस वर्मवर (मोटरने फिरणारा स्क्रूसारखा गिअर) तांदळाच्या दाण्याएवढं, आणि बेअरिंगला सुईच्या टोकाने एक थेंब तेल. बास.

सांधेवाला :
सफाई करायचीच आहे, पण ग्रीस घट्ट झालं तर इंजिन जड चालतं, तालात टक-टक करत नाही. चाकाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि अगदी हळू चालवा. एका फेऱ्याला एकच ठोका असेल तर दोष अ‍ॅक्सलवरचा गिअर, साइड रॉड (चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) किंवा क्वार्टरिंग (डाव्या-उजव्या चाकांच्या रॉडच्या खुंट्यांत ९० अंशांचा फरक राखणं) यांत आहे. ठोके खूप भरभर असतील तर वर्म, शाफ्ट (मोटरपासून वर्मपर्यंतचा दांडा) किंवा मोटर बघा.

धुरकट :
क्वार्टरिंगच असणार. नव्वद टक्के लंगडी इंजिनं त्यामुळेच लंगडतात.

सांधेवाला :
कपाटात पडून क्वार्टरिंग आपोआप बिघडत नाही हो. चाक अ‍ॅक्सलवर सैल झालं असेल तरच.

टपालगाडी :
ठेवणीबद्दल एक सांगतो. डब्यातला जुना फोम कुजून चिकट होतो आणि रंगाला धरतो. इंजिन पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळा, कुशीवर आडवं ठेवू नका, आणि दर काही महिन्यांनी दोन्ही दिशांना पंधरा-वीस मिनिटं चालवा.
अवांतर : मॅलेट, म्हणजे अशा दुहेरी, इंजिनांना वळण मुळातच जड जातं.

धुरकट :
बिग बॉय मॅलेट नाही. मॅलेट म्हणजे कंपाउंड : मागच्या सिलिंडरांतून निघालेली वाफ पुढच्या मोठ्या सिलिंडरांत पुन्हा वापरायची. नॉरफोक अँड वेस्टर्न या अमेरिकी रेल्वेचं वाय६बी तसं होतं. बिग बॉयच्या चारही सिलिंडरांना बॉयलरची थेट वाफ मिळते.

टपालगाडी :
बरं बुवा. पण खऱ्या बिग बॉयचं फक्त पुढचं इंजिन वळतं, मागचं बॉयलरला पक्कं असतं. मॉडेलमध्ये बहुधा दोन्ही वळवतात, म्हणून २२ इंचांत निभतं आणि बॉयलरचं नाक वळणाबाहेर लोंबतं.

रूळबदल :
२५ बांधली, ८ उरली, ४०१४ क्रमांकाचं २०१९ मध्ये पुन्हा धावलं, हे मलाही माहीत आहे. माझ्या इंजिनाचं बोला! ठिपका लावला. एका फेऱ्याला एकच ठोका.

सांधेवाला :
मग उघडावंच लागेल. मागच्या इंजिनाचा वर्म काढा, चासी काचेवर ठेवा आणि काच थोडी कलती करा. न अडखळता घरंगळली तर रॉड आणि क्वार्टरिंग ठीक. मग भिंगाखाली अ‍ॅक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर बघा, दोन दातांच्या मधल्या खाचेत केसाएवढी चीर दिसेल. गिअर अ‍ॅक्सलवर दाबून बसवलेला असल्यामुळे प्लास्टिकवर कायम ताण असतो, वर्षांनी ते तडकतं. तिथे दातांमधलं अंतर वाढतं आणि दर फेऱ्याला तोच दात अडतो.

कोळसेवाला :
चीर असेल तर सुपरग्लूचा एक थेंब.

सांधेवाला :
गिअर बहुधा अ‍ॅसिटलचा असतो, त्या गुळगुळीत प्लास्टिकला सुपरग्लू धरत नाही. धरला तरी चीर मिटत नाही, दातांतलं अंतर वाढलेलंच राहतं. नवा गिअरच घ्या : दात, बाहेरचा व्यास, रुंदी, भोक, चारही मापं जुळवून. भोक अ‍ॅक्सलपेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटरच लहान हवं, जास्त घट्ट बसवलात तर हाही तडकेल. चाक पुलरने काढा, स्क्रूड्रायव्हरने उचकटलंत तर वाकडं होईल. उलटं फिरवून बसवू नका, इन्सुलेशनची बाजू बदलली की थेट शॉर्ट. रॉडचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, निघतील त्या क्रमाने थर्मोकोलमध्ये टोचून ठेवा.

रूळबदल :
तिसऱ्या अ‍ॅक्सलच्या गिअरला चीर होतीच. नवा बसवला, टक-टक गेली. आता वेग वाढवला की घरघर येते. आणि चढावर पुढचं इंजिन घसरतं.

सांधेवाला :
शाफ्ट परत जोडताना फिरला असणार. मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे दुबेळकी काटे एका रेषेत हवेत. ९० अंशांत बसले तर वळणावर वेग दर फेऱ्याला कमी-जास्त होतो आणि घरघर येते.

धुरकट :
घसरण्याचं कारण वेगळं. वजन जास्त करून मागच्या इंजिनावर पडतं. पुढच्या टेकूची स्प्रिंग जागेवर आहे का बघा, मग बॉयलरच्या नाकात शिसं भरा. ट्रॅक्शन टायर (पकडीसाठी चाकावर चढवलेलं रबरी कडं) नखाने दाबून बघा, कडक लागला तर बदला. सगळ्याच चाकांना टायर मात्र चढवू नका, त्या चाकांतून करंट येत नाही.

कोळसेवाला :
आणि डिकोडर टाकण्याआधी १२ व्होल्टवर चाकं क्षणभर धरून अ‍ॅम्पिअर मोजा. डिकोडरची क्षमता त्याहून जास्त हवी.

रूळबदल :
डिकोडरबद्दल कोणी विचारलं?