प्रतिसाद: पूरबोटीसाठी आउटबोर्ड इंजिन

गावाच्या बचावबोटीला मागच्या फळीवर बाहेरून बसवायचे (आउटबोर्ड) इंजिन २५ अश्वशक्तीचे घ्यावे की ४०, यावर बरीच चर्चा झाली आहे; परंतु माझ्या मते पहिला प्रश्न शाफ्टच्या, म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, लांबीचा आहे. बोटीची मागची फळी साधारण १५ इंच उंच असेल तर आखूड आणि २० इंच असेल तर लांब शाफ्ट लागतो. तो तोकडा पडला तर पंखा हवा ओढून नुसताच गरगरतो आणि नाहक लांब असला तर बुडालेल्या तारकुंपणात अडकतो. अश्वशक्ती बोटीवरील पाटीत दिलेल्या कमाल मर्यादेतच असावी, यावर वाद नको.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या गल्ल्यांतून बोटी फिरल्या. अशा ठिकाणी वेग काय कामाचा? माणसांनी भरलेली बोट प्रवाहाविरुद्ध रेटण्यासाठी कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, पण जोर जास्त देणारा) पंखाच बरा. कृष्णेच्या गढूळ पाण्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (आतले फिरते चक्र) लवकर झिजतो, शिवाय जलपर्णीने पाणी घेण्याची जाळी तुंबते. म्हणून थंडाव्याचे पाणी फिरत असल्याची खूण असलेली, इंजिनातून पडणारी पाण्याची बारीक धार थांबताच इंजिन बंद करून आधी जाळी तपासावी. जादा इम्पेलर खरेदीतच मागून घ्यावा.