नळ घरात, पाणी टँकरचं: मग आम्ही कुठल्या रकान्यात?

दिवा स्लो:
मागच्या रविवारी सर्वेक्षणाला एक मुलगी आली होती, टॅब घेऊन. "पिण्याचं पाणी कुठून?" म्हणाली आणि पर्याय वाचायला लागली. घरात नळ, आवारात नळ, हातपंप, विहीर, टँकर. मी म्हटलं, नळ घरातच आहे, पण आठवड्यातले दोन-तीन दिवस टँकर. तर म्हणे, "ताई, एकच टिक होतं." 'घरात नळ' करून चहा न घेता पुढच्या दारी गेली.

आमची बिल्डिंग दिवा पूर्वेला, 42 बिऱ्हाडं. लाइन कधी पहाटे साडेतीनला येते, कधी पावणेपाचला. वॉचमनकाका खालच्या टाकीत बांबू सोडून बघतात. बांबूवर मी नेलपॉलिशने खुणा केल्यात. निळ्या खुणेपर्यंत ओला आला तर दिवस निघतो, लाल खुणेच्या खालीच ओला दिसला की टँकरवाल्याला फोन. मेंटेनन्समध्ये सगळ्यात मोठा खर्च हाच, लिफ्टचा नाही.

परवा ऑफिसात डबा खाताना वाचलं की 2015 पासून जगात 96 कोटी लोकांना पिण्याचं सुरक्षित पाणी मिळायला लागलं. त्या 96 कोटींत मी आहे का? खरंच विचारतेय, टोमणा नाही.

खारीगावकर:
ताई, मी पाणीखात्यात 31 वर्षं काढली, तीही दुसऱ्या शहरात, तेव्हा शिव्या मला नकोत.

आधी जुनी गोष्ट. 2015 पर्यंत संयुक्त राष्ट्रांची आठ सहस्रक विकास उद्दिष्टं होती, सगळ्या देशांनी मिळून ठरवलेली. त्यातलं पाण्याचं लक्ष्य जगाने 2010 लाच गाठलं, पाच वर्षं आधी. पेढे वाटले गेले. पण मोजलं काय? पाइप, हातपंप, झाकलेली विहीर, एवढंच. नळाला पाणी किती तास येतं, त्यात जंतू आहेत का, हे त्या मोजणीत नव्हतंच.

2015 नंतर व्याख्या कडक केली. हे मोजण्याचं काम जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून करतात. आता अटी तीन: पाणी घरात किंवा आवारात हवं, गरज असेल तेव्हा हवं, आणि दूषित नको. त्या हिशोबाने 68 टक्क्यांवरून 2024 पर्यंत 74 टक्के झाले. तुमचे 96 कोटी ते हेच. उरले 210 कोटी, म्हणजे चारातला एक.

पण यात गंमत अशी की तिन्ही अटी घरटी तपासत नाहीत. प्रत्येक अटीची वेगळी टक्केवारी काढतात आणि तिन्हींत जी सगळ्यात कमी, ती धरतात. म्हणजे 'दिवा स्लो' नावाचं घर कुठल्याच रकान्यात नाही. तुम्ही सरासरीत आहात.

आणि एक ऐका. लाइन बंद झाली की पाइपातला दाब जातो आणि चिरांमधून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की विचारूच नका. पहिली बादली फरशीला वापरा, टाकीत सोडू नका.

नेरूळ सेक्टर 19:
आमच्याकडे नवी मुंबईत मोरबे धरण शहराच्या मालकीचं, त्यामुळे मी गप्पच बसायला हवं. तरी बोलते. 2015 ला त्या आठांच्या जागी शाश्वत विकास उद्दिष्टं आली, पाणी त्यातलंच एक. एकूण 17 उद्दिष्टं, त्यांची 169 लक्ष्यं. ज्यांची आकडेवारी मिळते त्यातली 35 टक्केच बरी चालली आहेत, असं संयुक्त राष्ट्रांचा 2025 चा अहवाल सांगतो. 35 म्हणजे दहावीला काठावर पास! शिवाय 18 टक्के लक्ष्यं 2015 ला होती त्याच्याही मागे गेली. मुदत 2030. एटीकेटी मागणार बहुतेक.

खारीगावकर:
हसा, पण सगळंच नापास नाही. नॉम पेन्ह बघा, कंबोडियाची राजधानी. 1993 मध्ये तिथलं 72 टक्के पाणी गळतीत आणि चोरीत जायचं. युद्धातून बाहेर पडलेलं शहर, पैसा नाही. 'एक सोन चान' नावाचा माणूस पाणीखात्यावर आला. प्रत्येक जोडणीला मीटर, चोरून घेतलेल्या लाइनी तोडल्या, बड्यांनाही बिल. एका जनरलच्या घरी मीटर बसवायला गेले तर त्याने पिस्तूल रोखलं. तरी मीटर बसला. पुढे तिथे चोवीस तास पाणी आणि गळती दहा टक्क्यांच्या आत. आपल्याकडे पुरीतही 2021 पासून नळाचं पाणी थेट प्यायला मिळतं. दाब चोवीस तास राहिला की घाण आत शिरायला वावच राहत नाही.

दिवा स्लो:
काका, पहिल्या बादलीचं माहीत नव्हतं. आमची पहिली बादली सरळ टाकीतच जाते, कारण त्या वेळी वॉचमनकाका सोडून कुणी जागं नसतं. आजपासून त्यांना सांगते.

मीटर आमच्याकडेही आहे. काच आतून शेवाळलेली, काटा दिसत नाही, बिल मात्र येतं.

आज लाइन 3:50 ला आली. बांबू निळ्या खुणेच्या दोन बोटं खाली. टँकर उद्यावर ढकललाय. ती मुलगी परत आली तर दारात उभी न करता आधी टाकीपाशी घेऊन जाईन. बांबू तिच्याच हातात देईन.