मदत हवी आहे: चोपडा तालुक्यात गरम पाण्याच्या झऱ्यावर छोटं स्नानकेंद्र काढायचं आहे

अडावदजवळचं उनपदेव बहुतेकांना माहीत असेलच. त्याच पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. बांधालगतच्या नाल्यात ऊन पाण्याचा झरा आहे. तोंडाशी ५२ अंश सेल्सिअस भरतात आणि २० लिटरची बादली २५ सेकंदांत भरते. मोजणी जानेवारीतली आहे. ४० × २५ फुटांचा, ४ फूट खोल तलाव आणि सहा खोल्या असा विचार आहे. पाणी कमी पडतंय म्हणून झऱ्याशेजारी बोर मारावी का? पाइप कोणता घ्यावा?

उत्तर १

भाऊ, आधी तलाव रद्द करा. तुमचा झरा तासाला २,८८० लिटर देतो आणि तलावात मावतं एक लाख तेरा हजार लिटरच्या आसपास. म्हणजे एकदा भरायलाच दीड दिवसाहून जास्त. तोवर पाणी कोमट होऊन शेवाळतं आणि कोमट साचलं पाणी सगळ्यात घातक. नेग्लेरिया अमीबाला तेच मानवतं आणि तो नाकावाटे मेंदूत जातो. सूर मारणं, डोकं बुडवणं बंद ठेवा. कारंजीही नकोत, कोमट पाण्याच्या तुषारांतून लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू पसरतो.

८ × ६ फुटांचा, ३ फूट खोल एकच हौद बांधा. त्यात चार हजार लिटर मावतं. अंघोळीला ३८ ते ४० अंश पुरे. ३९ अंशांसाठी ५२च्या एका लिटरात २८ अंशांचं साधारण १.२ लिटर मिसळावं लागतं. दोन्ही मिळून तासाला सहा हजारांवर लिटर वाहतं, म्हणजे चाळीस मिनिटांत हौदातलं पाणी बदलतं. एका वेळी सहा माणसं, पंधरा मिनिटं. रोज रात्री हौद रिकामा करून ब्रशने घासायचा.

थंड पाण्यासाठी विहिरीच्या मागे लागू नका, केळीच्या पट्ट्यात मे महिन्यात ते मिळणार नाही. रात्री वाया जाणारं झऱ्याचं पाणीच उथळ, उघड्या टाकीत साठवा. आठ तासांत २३ हजार लिटर जमतं, ते पावणेसात तास पुरतं. टाक्या दोन हव्यात: एक भरत असताना दुसरी निवत राहते. थंडीत हे सहज जमतं. मे महिन्यात नाही, पण ४४ अंशांच्या उन्हात ऊन पाण्यात बसायला येणार तरी कोण? हंगाम दिवाळी ते महाशिवरात्र धरूनच हिशेब मांडा.

उत्तर २

बोर अजिबात नको. झरा खोलवरच्या भेगेतून दाबाने वर येतो. शेजारी उपसा झाला की दाब उतरतो आणि झरा आटतो किंवा वरचं थंड पाणी मिसळून कोमट होतो. आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्या. मे अखेरीस पुन्हा बादली लावा आणि आराखडा त्याच आकड्यावर काढा.

पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याला टिकणाऱ्या प्लास्टिकचा. साधा पीव्हीसी पन्नाशीच्या पुढे मऊ पडून आधारांच्या मधे लोंबतो, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) गंजतो. पाण्यात क्लोराइड जास्त निघालं तर ३०४ स्टीललाही खड्डे पडतात, ३१६ घ्या. पाणी हवेत आलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना बसतो. म्हणून झऱ्यानंतर लगेच तीन-चार पायऱ्यांवरून पाणी पाडा. बराचसा थर तिथेच बसेल, खरवडता येईल. सडक्या अंड्याचा वासही तिथेच उतरेल. तो वास राहिला तर क्लोरिन त्यातच संपतं. अंघोळीच्या वेळात हौदात मोकळं क्लोरिन ३ पीपीएम (लिटरमागे ३ मिलिग्रॅम) ठेवा, सामू (पीएच) ७.२ ते ७.८. वाहत्या पाण्यात ते हाताने टाकून टिकत नाही, ठरावीक मात्रा सतत सोडणारा डोसिंग पंप लावा. क्लोरिन लागलेलं पाणी नाल्यात सोडू नका.

धागाकर्ता

धन्यवाद दादा, तलाव रद्द. बोर्डावर ‘संधिवात, कोड बरं होतं’ असं लिहिलं तर चालेल का? परवानग्या कुठल्या?

उत्तर २

अजिबात लिहू नका. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत हे दोन्ही आजार आहेत. त्यापेक्षा गरोदर बाया, हृदयरोगी, बीपीचे रुग्ण आणि दारू प्यायलेल्यांनी उतरू नये, हा बोर्ड लावा. नाला सरकारी असतो, त्याला कुंपण घालता येत नाही. सातबाऱ्यावर आदिवासी खातेदार असेल तर जमीन बिगरआदिवासीला विकायला किंवा भाडेपट्ट्याने द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गाव पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात) येत असेल तर ग्रामसभेत विषय आधी मांडा, खोल्यांचा नकाशा नंतर.