डेटा सायन्सची डिग्री अप्रेंटिसशिप की पूर्णवेळ विद्यापीठ? (इंग्लंड)

रेडिंगची_आई

नमस्कार. आम्ही २०१९ पासून रेडिंगमध्ये राहतो आणि आम्हा सर्वांना आयएलआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) मिळालेला आहे. मुलगी इयर थर्टीनला, म्हणजे इथल्या शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणित, फर्दर मॅथ्स आणि इकॉनॉमिक्स हे तिचे ए लेव्हलचे (आपल्या बारावीसारख्या परीक्षेचे) विषय. ऑडिट आणि सल्लागार क्षेत्रातल्या एका मोठ्या कंपनीने तिला डेटा सायन्सच्या डिग्री अप्रेंटिसशिपची (पगारी नोकरी करता करता विद्यापीठाची पदवी) ऑफर दिली आहे, आणि त्याच वेळी एका चांगल्या विद्यापीठाची गणित-संख्याशास्त्राची ऑफरही हातात आहे. तिचा ओढा अप्रेंटिसशिपकडे आहे. सासरच्या मंडळींनी मात्र ‘अप्रेंटिस’ एवढेच ऐकून, मुलगी आयटीआयला चालली असे गृहीत धरले आहे.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. या पदवीला नेहमीच्या बीएस्सीइतकी किंमत असते का? नोकरी करता करता अभ्यास खरोखर होतो का? आणि तिने मध्येच सोडायचे ठरवले, तर कंपनी फीचे पैसे मागते का? आपल्याकडच्या आयटी कंपन्यांच्या बाँडचा अनुभव घरात असल्यामुळे हा शेवटचा प्रश्न मला अधिक छळतो.

सांगलीकर_लीड्स

ताई, मी याच प्रकारची अप्रेंटिसशिप पूर्ण केली आहे आणि आजही त्याच कंपनीत आहे, तेव्हा आधी सोप्या प्रश्नांची उत्तरे देतो. डेटा सायंटिस्टची ही अप्रेंटिसशिप लेव्हल ६ ची, म्हणजे बीएस्सीच्या बरोबरीची आहे, आणि पदवी विद्यापीठच देते. प्रमाणपत्रावर कंपनीचे नाव नसते. फी परत मागण्याचा प्रश्नच येत नाही, कारण प्रशिक्षणाच्या खर्चाचा कोणताही भाग अप्रेंटिसकडून घेता येत नाही, आणि तिने अभ्यासक्रम अर्धवट सोडला तरीही तो वसूल करता येत नाही, असे इंग्लंडच्या सरकारी निधीचे नियम सांगतात. पगार पहिल्या दिवसापासून सुरू होतो. मात्र विद्यार्थी म्हणून मिळणारे कर्ज मिळत नाही.

आता अनुभवाविषयी. ऑडिट कंपनीत डेटा सायन्स म्हणजे पहिल्या वर्षी मशीन लर्निंग असेल, ही कल्पना मुलीच्या मनात असेल तर ती आत्ताच काढून टाकलेली बरी. फसवणुकीच्या धोक्याविषयीचे आयएसए २४० हे ऑडिटचे मानक जर्नल एन्ट्रींची (हिशेबाच्या वहीतल्या नोंदींची) तपासणी सक्तीची करते, आणि माझे सुरुवातीचे काम त्याभोवतीच होते. ग्राहकाच्या लेखाप्रणालीतून लाखो ओळींची फाइल येते. तिची बेरीज ट्रायल बॅलन्सशी (सर्व खात्यांच्या शिल्लक रकमांच्या यादीशी) जुळली पाहिजे, आणि ती पहिल्या झटक्यात जवळजवळ कधीच जुळत नाही. एका फाइलमध्ये ०३/०४ ही तारीख ब्रिटिश कार्यालयाने तीन एप्रिल आणि अमेरिकी कार्यालयाने चार मार्च या अर्थाने लिहिलेली होती, आणि वर्षअखेर ३१ मार्चची असल्यामुळे त्या नोंदी चुकीच्या आर्थिक वर्षात जात होत्या. हे एकदा निस्तरले की रविवारी केलेल्या नोंदी, नेमक्या गोल रकमा, एरवी नोंदी न करणाऱ्या वरिष्ठाच्या नावावर पडलेल्या नोंदी, असे छाननीचे निकष एसक्यूएल किंवा पायथन या संगणकीय भाषांमध्ये लिहायचे, आणि शेवटी उरलेल्या मोजक्या ओळी ऑडिटरला समजतील अशा भाषेत समजावून सांगायच्या. मला यातच गोडी लागली. माझ्याबरोबरच्या काहींना ते अत्यंत रटाळ वाटले. दोघांचेही बरोबर आहे.

अभ्यास होतो, पण त्याला सुट्टी नसते. मित्रमंडळी जूनमध्ये मोकळी होत असताना आपल्याला नोकरदाराची वार्षिक रजा मोजून घ्यावी लागते, आणि बऱ्याच कंपन्यांचे वर्ष डिसेंबरला संपत असल्यामुळे जानेवारी ते मार्च हा ऑडिटमधला धुमाकूळ, तर जानेवारीतच विद्यापीठाच्या परीक्षा. शिवाय प्रत्येक कामाची पोर्टफोलिओमध्ये नोंद ठेवावी लागते: कोणते ज्ञान, कोणते कौशल्य, कोणती वर्तणूक त्यातून दिसते. ग्राहकाचा डेटा विद्यापीठाच्या असाइनमेंटमध्ये वापरता येत नाही, त्यामुळे ज्या कामात जीव ओतला त्याविषयी लिहिताना नाव, आकडे आणि कधीकधी अख्खा उद्योगच बदलावा लागतो. माझ्या वेळी शेवटची परीक्षाही अशीच होती: कामातूनच निघालेल्या प्रकल्पाचा अहवाल, आणि पोर्टफोलिओच्या आधारे परीक्षकांशी चर्चा.

टाइमशीट_सांभाळणारी

मी या क्षेत्रातल्या दुसऱ्या एका कंपनीत टीम सांभाळते आणि माझ्या टीममध्ये अप्रेंटिस असतात. वरच्या उत्तरात पैशांची बाजू राहिली आहे, आणि अभ्यास होतो की नाही हे तिथेच ठरते.

ज्या कंपनीचा वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे, तिला त्यावरच्या रकमेच्या ०.५ टक्के इतकी लेव्ही (अप्रेंटिसशिपसाठीचा सरकारी कर) एप्रिल २०१७ पासून भरावी लागते. त्या पैशातून अप्रेंटिसची फी जाते. पगार मात्र लेव्हीतून देता येत नाही. तो टीमच्या बजेटमधून जातो. म्हणून मुलगी गुरुवारी वर्गात बसलेली असते, तेव्हा मॅनेजरच्या तक्त्यात ते तास कोणत्याही ग्राहकाच्या नावावर नसलेले, रिकामे दिसतात. अप्रेंटिसला ठरावीक किमान तास कामापासून मोकळे प्रशिक्षण मिळावे असे नियम सांगतात, आणि बहुतेक मॅनेजर ते पाळतात. पण ‘या आठवड्यातले पुढच्या आठवड्यात भरून घे’ असे सौजन्याने म्हणणारेही भेटतात, आणि अठरा वर्षांच्या मुलीला त्यावर नाही म्हणता येत नाही.

तेव्हा ऑफर स्वीकारण्यापूर्वी तिने स्वतः (तुम्ही नव्हे) कंपनीला विचारावे की अभ्यासाचा दिवस ठरलेला आहे की सलग आठवड्यांचे वर्ग असतात, फेब्रुवारीत तो दिवस कोण राखतो, आणि सध्या दुसऱ्या वर्षात असलेल्या अप्रेंटिसशी बोलायला मिळेल का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर ते पुरेसे उत्तर समजावे.

संख्याशास्त्र_शिकवतो

मी थोडा विरोधी सूर लावतो. फर्दर मॅथ्स आवडीने घेणाऱ्या मुलीला सिद्धतांची गोडी असेल, तर या पदवीत तिची उपासमार होईल. तीत प्रोग्रामिंग, डेटाबेस, उपयोजित संख्याशास्त्र आणि मशीन लर्निंग चांगले असते. रिअल अ‍ॅनालिसिस (कलनशास्त्रामागची काटेकोर सिद्धता) आणि संभाव्यतेचा पाया बेताचाच असतो, आणि पुढे सैद्धांतिक संख्याशास्त्रात मास्टर्स किंवा पीएचडी करायची झाल्यास प्रवेशाच्या वेळी नेमके तेच विचारले जाते. ते नंतर कंपनीच्या लेव्हीतून करू असा विचार असेल, तर जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ चा (मास्टर्सच्या पातळीचा) निधी मुख्यतः २१ वर्षांपर्यंत सुरुवात करणाऱ्यांपुरताच उरला आहे.

कर्जाची भीतीही थोडी ताडून पाहावी. २०२५-२६ ची विद्यापीठाची फी कमाल ९,५३५ पौंड होती हे खरे, पण परतफेड २५,००० पौंडांवरच्या उत्पन्नाच्या नऊ टक्के इतकीच असते आणि चाळीस वर्षांनी उरलेले कर्ज माफ होते. सावकाराच्या कर्जासारखे ते दारात येऊन उभे राहत नाही.

कोथरूडचा_मामा

माझा भाचा पुण्यात बारावी झाला आहे. त्याला इकडून थेट अशा अप्रेंटिसशिपसाठी अर्ज करता येईल का?

सांगलीकर_लीड्स

नाही. अप्रेंटिसशिप सुरू होण्यापूर्वी सलग तीन वर्षे तिथला रहिवास लागतो, आणि स्टुडंट व्हिसावर अप्रेंटिसशिप करता येत नाही. पैसे घेऊन ‘अप्रेंटिसशिप व्हिसा’ काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला उभे करू नका. भारतात यूजीसीने अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदवीची चौकट आणली आहे. तुमच्या विद्यापीठाच्या कोणत्या महाविद्यालयात तो अभ्यासक्रम आहे, याची चौकशी करावी.

रेडिंगची_आई

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने कंपनीला स्वतः ईमेल केला. गुरुवार अभ्यासासाठी राखलेला असतो असे उत्तर आले, आणि दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीशी पुढच्या आठवड्यात बोलणे ठरले आहे. सिद्धतांविषयी विचारले तर ती म्हणाली, ‘आई, मला कोडे सुटलेले आवडते, ते सुटतेच हे सिद्ध करायला नाही.’ तेव्हा तिचा निर्णय जवळजवळ झालेला दिसतो. एकच शंका उरली: तोपर्यंत यूकासवरची (विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक अर्जव्यवस्थेवरची) विद्यापीठाची ऑफर सोडून द्यावी का?

टाइमशीट_सांभाळणारी

मुळीच नको. अप्रेंटिसशिपचा अर्ज यूकासच्या पाच पर्यायांत मोजला जात नाही, त्यामुळे विद्यापीठाची ऑफर फर्म चॉइस (पहिली पसंती) म्हणून खुशाल ठेवावी. कंपनीच्या ऑफरलाही ए लेव्हलच्या गुणांची अट असू शकते, ती पत्रात नीट वाचा. ऑगस्टमध्ये निकाल लागून नोकरीच्या करारावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या, की मगच यूकासवरचा प्रवेश मागे घ्यावा.