मदत हवी आहे: नॅरोबोट (कालव्याची अरुंद बोट) लॉकमध्ये अडकली, दार उघडत नाही

उमाळा (११:२०)
लॉकमध्ये (पाणी भरून बोट वर चढवायची दारांची कुंडी) बोट घातली, पॅडल (पाणी सोडायची झडप) उघडलं, पाणी भरलं. आता दार उघडत नाही. तिघंजण बीमला (दाराच्या लांब दांड्याला) पाठ लावून ढकलतोय, जागचं हलत नाही. मागे दोन बोटी खोळंबल्यात. आज एल्समियर गाव गाठायचंय. पटकन सांगा.

चेस्टरकर (११:२४)
कुठला कालवा? वर चढताय की खाली उतरताय? कुठलं दार? बोट किती फुटांची?

उमाळा (११:२६)
लॅन्गॉलेन कालवा, इंग्लंडमधून वेल्सला जाणारा. चढतोय. दार पुढचंच, दुसरं कुठलं असणार? बोट ५७ फूट. लॉकचं नाव पाहिलं नाही, शेजारी पब आहे.

दर्यावर्दी (११:२८)
इंजिन पुढच्या गिअरमध्ये टाका, नाक दाराला टेकवा आणि हळूहळू रेस वाढवा. उघडेल.

चेस्टरकर (११:३०)
कृपया असं करू नका. दार उघडत नाही म्हणजे दोन्हीकडचं पाणी अजून एका पातळीला आलेलं नाही. नॅरो लॉकचं वरचं दार साधारण ७ फूट रुंद असतं. पाण्यात ते दीड मीटर बुडलेलं धरलं, तर नुसत्या १ सेंटीमीटर फरकाने त्याच्यावर ३० किलोच्या आसपास जोर येतो. ५ सेंटीमीटरला दीडशेच्या वर. नाकाने रेटलं तर फळ्या ढिल्या होतात, आणि पुढचा फेंडर (नाकावरचा धक्का झेलणारा गोळा) दाराच्या आडव्या लाकडाखाली अडकला तर नाक खाली दाबलं जातं आणि बोटीत पाणी शिरतं.
उमाळा, वरची पॅडल दोन्ही काठांची उघडलीत का?

उमाळा (११:३२)
एकच. दुसरंही लागतं?

दर्यावर्दी (११:३३)
टेकवा म्हटलंय, धडका मारा नाही. अनुभवी लोक नाक टेकवूनच चढतात, बोट मागेपुढे हेलकावत नाही.

चेस्टरकर (११:३६)
टेकवून चढणं वेगळं, दार रेटणं वेगळं. आणि ज्याला दुसरं पॅडल ठाऊक नाही त्याला दोन्ही सांगू नये.

पाणकणीस (११:३७)
पबवरून हे विलीमूर लॉक असणार. उमाळा, क्रमाने करा:
दुसरं पॅडल उघडा. विंडलस (पॅडल फिरवायचा हँडल) चौकोनी दांड्यावर पूर्ण आत बसवा, दात असलेली पट्टी वर येईपर्यंत फिरवा, खटका दातात बसलाय हे डोळ्यांनी बघा आणि विंडलस लगेच काढून घ्या. तो तसाच राहिला आणि खटका सुटला तर गरगर फिरून मनगट मोडतो. सुटलाच तर पकडायला जाऊ नका, लांब व्हा.
मग ५ मिनिटं थांबा. दाराच्या दोन्ही बाजूंचं पाणी बघा. आतलं वरच्या पाण्यापेक्षा थोडं खाली राहून तिथेच थबकलं असेल, तर जेवढं येतंय तेवढंच मागून निघून जातंय.

शेवंती (११:४१)
लॅन्गॉलेनलाच चाललात तर पोंटकसिल्ते जलसेतू (कालवा दरीवरून नेणारा पूल) चुकवू नका. १८०५ चा, ३०७ मीटर लांब, ३८ मीटर उंच. एका बाजूला कठडा आणि पायवाट, दुसऱ्या बाजूला लोखंडी द्रोणीची नुसती कड. लहान मुलांना आत बसवा.

उमाळा (११:४४)
दुसरं उघडलं. चार बोटं फरक राहिलाय, त्यापुढे पाणी चढत नाही. जलसेतू नंतर बघू!

पाणकणीस (११:४७)
मग मागे जा आणि खालच्या दारांवरच्या पॅडलच्या दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ताडून बघा. एक दुसरीपेक्षा उंच दिसतेय का? दाराच्या खालच्या अंगाला पाणी उकळल्यासारखं ढवळतंय का?

उमाळा (११:५१)
हो. डावी पट्टी वीतभर वर आहे. विंडलसने खाली जात नाही, अडतेय.

पाणकणीस (११:५४)
खाली फांदी किंवा ओंडका अडकलाय. जोराने दाबू नका, पट्टीचे दात तुटतात. वरची दोन्ही पॅडल उघडीच ठेवा. ५७ फुटी बोटीला त्या लॉकमध्ये पुष्कळ मोकळी जागा आहे, तर नाक वरच्या दारापासून ३-४ फूट मागे घ्या. सुकाणूवर एकजण हवाच, कारण पाणी बोटीला मागे ओढणार. मग ते अडलेलं खालचं पॅडल अर्धं उघडा, १०-१५ सेकंद धार जाऊ द्या आणि पूर्ण खाली आणा. दोन-तीनदा करा, कचरा धारेबरोबर निघतो. नाही निघाला तर कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टला फोन करा. दारात हात घालायचा नाही, काठीसुद्धा नाही.

रानभाजी (११:५८)
प्रश्न: अशी बोट भाड्याने घ्यायला परवाना लागतो का? टॉयलेट रोज रिकामं करावं लागतं का? पुढच्या उन्हाळ्यात आईबाबा येणार आहेत.

दर्यावर्दी (१२:०१)
परवाना लागत नाही, बोट देणारे शिकवतात. पंप-आउट (पंपाने उपसायची) टाकी असेल तर रोजचं काम नाही, कॅसेट (काढून नेऊन ओतायचा डबा) असेल तर दर दोन-तीन दिवसांनी.

चेस्टरकर (१२:०३)
आईबाबांना लॉकच्या कामाला लावू नका. दारावरून चालत जाणं ओल्या दिवशी तरुणांनाही धोक्याचं.

उमाळा (१२:०९)
निघाली! मनगटाएवढी फांदी. पाणी भरलं, दार एका हाताने उघडलं. पाणकणीस, मनापासून आभार. आता एल्समियर होईल ना?

पाणकणीस (१२:१३)
नाही. १ लॉक म्हणजे १ मैल धरा आणि तासाला ३ मैल. तिथून एल्समियर सुमारे १३ मैल, वाटेत ७ लॉक. म्हणजे पावणेसात तास, तेही न थांबता. त्यात या कालव्याला उलटा प्रवाह आहे, लॅन्गॉलेनजवळच्या हॉर्सशू फॉल्स बंधाऱ्यापासून खालच्या टोकाच्या हर्लस्टनच्या जलाशयापर्यंत पाणी सतत वाहतं. वाटेत विंडलसने उचलायचे पूल आहेत. आणि ग्रिंडली ब्रूकला ६ पैकी वरची ३ लॉक एकमेकांना जोडलेली जिन्यासारखी, तिथे रांग लागते.

चेस्टरकर (१२:१६)
त्या जिन्यावर लॉककीपर असला तर त्याने सांगितल्याशिवाय एकही पॅडल उघडू नका. चढताना सगळ्यात खालचं लॉक रिकामं आणि वरची दोन्ही भरलेली हवीत. वरचं रिकामं ठेवून निघालात तर बोट मध्येच तळाला टेकेल. तसंच लॉकच्या तोंडाशी बायवॉशचं (लॉकला वळसा घालून जाणाऱ्या चराचं) पाणी आडवं येऊन नाक ढकलतं. तेवढ्यापुरता वेग थोडा जास्त ठेवा, आत शिरलं की लगेच रिव्हर्स.

दर्यावर्दी (१२:१८)
आज व्हिटचर्चला मुक्काम करा. ग्रिंडली ब्रूक चढलात की जवळच आहे.

उमाळा (१२:२१)
ठीक, व्हिटचर्च. निघतोय.

पाणकणीस (१२:२२)
थांबा. वरची दोन्ही पॅडल खाली केलीत? दार लावलंत? विंडलस किती मोजलेत?

उमाळा (१२:२५)
एक पॅडल राहिलं होतं, केलं. विंडलस दोन.

रानभाजी (१२:४०)
पंप-आउटचे पैसे वेगळे पडतात का?